माझा नंबर कितवा?

गेल्या वर्षीची गोष्ट. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई पालकसभा संपल्यावर थांबून राहिली. नवरा दोन वर्षांपूर्वी वारलेला. तीन मुलं, म्हातारी सासू आणि दर अकरा महिन्यांनी भाडं वाढणारी एक खोली. मोहल्ल्यातल्या एका ट्रस्टच्या जुन्या चाळीत खोली रिकामी होणार असं कळलं, तेव्हा तिने अर्ज दिला होता. रेशनकार्ड, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, मुलांची बोनाफाइड सर्टिफिकेटं, सगळं जोडलं होतं. आठ महिने ऑफिसच्या चकरा मारल्या. शेवटी खोली दुसऱ्यालाच मिळाली. त्या माणसाला मी ओळखते. तोही काही श्रीमंत नाही. पण त्याची ऑफिसात ओळख होती, हिची नव्हती.

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "टीचर, खोली नाही मिळाली तर नाही मिळाली. नशिबात नसेल. पण माझा नंबर कितवा होता, एवढं तरी कुणी सांगायला हवं होतं ना?"

मी चौकशी केली. नंबर कुणालाच सांगता आला नाही. कारण यादीच नव्हती.

त्याच सुट्टीत माझ्या खालाची मुलगी इंग्लंडहून आली होती. ती बावीस वर्षं लेस्टर शहरात राहते आणि गरजूंना भाड्याने घरं देणाऱ्या एका संस्थेत नोकरी करते. मी तिला ही हकिकत सांगितली. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "अर्जाची पोच दिली होती का? त्यावर तारीख होती का?" मग आम्ही दोघी बराच वेळ बोलत बसलो. तिने सांगितलेलं आणि त्यानंतर मी वाचून काढलेलं असं दोन्ही मिळून हा लेख आहे.

सोसायटी वेगळी, असोसिएशन वेगळी

आपल्याकडे हाउसिंग सोसायटी म्हणजे फ्लॅटमालकांची सहकारी संस्था. इंग्लंडमधली हाउसिंग असोसिएशन ही वेगळी चीज आहे. ती नफा न वाटणारी संस्था असते. घरं तिच्या मालकीची असतात आणि ती कमी भाड्याने गरजूंना राहायला दिली जातात. भाड्यातून जे उरेल ते दुरुस्तीत आणि नवी घरं बांधण्यात जातं. पागडी नाही, दलाली नाही.

हे काम तिथे जुनं आहे. जॉर्ज पीबडी नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने १८६२ मध्ये लंडनच्या गरिबांसाठी मोठी रक्कम दिली आणि १८६४ मध्ये स्पिटलफील्ड्स भागात त्या पैशातली पहिली इमारत उभी राहिली. पुढे अशा शेकडो संस्था निघाल्या. १९७४ च्या कायद्यानंतर त्यांना सरकारी अनुदान मोठ्या प्रमाणावर मिळू लागलं. आज इंग्लंडमध्ये सुमारे चाळीस लाख कुटुंबं, म्हणजे दर सहा कुटुंबांमागे एक, अशा कमी भाड्याच्या घरात राहतं. त्यातली निम्म्याहून जास्त घरं असोसिएशनांची आहेत, बाकीची कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची. लंडनमध्ये हे भाडं बाजारभावाच्या निम्म्याहूनही कमी पडतं. त्यामुळे मागणी किती असेल याचा अंदाज करा.

मग प्रश्न येतो तोच, जो त्या बाईने विचारला होता. आधी कोण?

गरज मोजायची कशी?

याचं उत्तर १९९६ च्या हाउसिंग ॲक्टमध्ये लिहिलेलं आहे. घरं देताना कोणाला वाजवी प्राधान्य द्यायचं ते हा कायदा कौन्सिलला सांगतो. बेघर झालेले लोक. अतिशय दाटीच्या, अस्वच्छ किंवा राहण्यास अयोग्य घरात राहणारे. आजारपण, अपंगत्व किंवा तशाच कारणाने घर बदलणं भाग असलेले. आणि विशिष्ट भागात राहायला गेले नाहीत तर ज्यांचे हाल होतील असे, उदाहरणार्थ आजारी आईची देखभाल करणारी मुलगी.

या चौकटीत राहून प्रत्येक कौन्सिल आपले नियम करते आणि ते छापून सर्वांसमोर ठेवते. बहुतेक ठिकाणी अर्जदारांचे चार-पाच गट पाडतात. ज्यांच्या जिवाला धोका आहे, जसं मारहाणीमुळे घर सोडावं लागलेली स्त्री, ते सर्वांत वरच्या गटात. त्याखाली गंभीर गरज, मग साधी गरज, आणि शेवटी ज्यांना घर हवं आहे पण ज्यांची अडचण मोठी नाही असे लोक. गट गरजेवरून ठरतो. एकाच गटातल्या दोघांमध्ये ज्याची तारीख आधीची तो पुढे. म्हणूनच माझ्या बहिणीने पोच आणि तारीख विचारली होती.

दाटी मोजायलाही ठरलेली पद्धत आहे. नवरा-बायकोला एक बेडरूम. दहा वर्षांखालची दोन मुलं, मुलगा असो वा मुलगी, एका खोलीत चालतात. त्यापुढे मुलगा आणि मुलगी यांना वेगळ्या खोल्या हव्यात. समजा, आई-वडील, बारा वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांचा मुलगा एका बेडरूमच्या घरात राहतात. नियमाने त्यांना तीन बेडरूम हव्यात. म्हणजे दोन कमी पडतात. हे आकड्यात आलं की अर्जदाराला कुणापुढे रडगाणं गावं लागत नाही.

असोसिएशन आणि कौन्सिल यांच्यात करार असतो. असोसिएशनच्या रिकाम्या होणाऱ्या घरांपैकी साधारण निम्मी, मोठ्या शहरांत त्याहूनही जास्त, कौन्सिलच्या यादीतल्या लोकांना जातात. उरलेल्या घरांत असोसिएशन आपल्याच जुन्या भाडेकरूंना हलवते. कुणाला जिना चढवत नाही, कुणाचं कुटुंब वाढलंय.

घर निवडायचं कुणी?

पूर्वी अधिकारीच ठरवायचा की अमुक घर तमुकला. आता बऱ्याच ठिकाणी रिकामी घरं जाहीर करतात. ही पद्धत नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरातून आली. जाहिरातीत बेडरूम किती, मजला कितवा, लिफ्ट आहे का, भाडं किती, कोणत्या अर्जदारांना प्राधान्य, हे सगळं असतं. ज्याला घर पसंत आहे त्याने नाव नोंदवायचं. याला तिथे 'बिड' म्हणतात, पण यात पैशांची बोली नसते. मुदत संपली की नावं गट आणि तारीख यांप्रमाणे लागतात. पहिल्याला घर दाखवतात, त्याची कागदपत्रं पुन्हा तपासतात, भाडं झेपेल का ते बघतात. तो नाही म्हणाला तर दुसरा. मागच्या आठवड्यांत गेलेली घरं कोणत्या गटाला आणि कोणत्या तारखेच्या अर्जाला मिळाली हेही बऱ्याच कौन्सिल जाहीर करतात. त्यावरून आपला नंबर अंदाजे कळतो.

अर्जात आणखी एक रकाना असतो. संस्थेच्या कर्मचाऱ्याशी किंवा संचालकाशी तुमचं नातं आहे का? नातं असलं म्हणून घर नाकारत नाहीत. पण त्या नातेवाइकाला त्या निर्णयापासून दूर राहावं लागतं. आणि कौन्सिलने चुकीच्या गटात टाकलं असं वाटलं, तर फेरविचार मागण्याचा हक्क कायद्याने आहे.

ज्यांची मुलं शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे जात आहेत त्यांच्यासाठी इथेच एक गोष्ट सांगते. विद्यार्थी व्हिसा किंवा कामाच्या व्हिसावर गेलेल्यांना सर्वसाधारणपणे ही घरं मिळत नाहीत. त्यांना बाजारभावानेच भाडं भरावं लागतं. तो खर्च आधीच धरून चला.

घरं कमी, यादी लांब

हे सगळं ऐकून मला वाटलं, तिकडे सगळं आबादीआबाद असणार. बहिणीने लगेच मला जमिनीवर आणलं. २०२४ मध्ये इंग्लंडच्या कौन्सिलांच्या याद्यांवर १३ लाखांहून जास्त कुटुंबं होती. त्याच वर्षाच्या अखेरीस सव्वा लाखाहून जास्त कुटुंबं तात्पुरत्या निवाऱ्यात होती. त्यातली काही तर हॉटेलच्या एकाच खोलीत, मुलाबाळांसकट. १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना आपलं कौन्सिलचं घर सवलतीत विकत घेता येऊ लागलं. सुमारे वीस लाख घरं अशी विकली गेली आणि त्या मानाने नवी बांधली गेली नाहीत. नियम कितीही चांगला असला तरी तो नसलेलं घर देऊ शकत नाही.

सर्वांत जास्त थांबावं लागतं ते मोठ्या कुटुंबांना. चार बेडरूमची घरं मुळातच थोडी. तिथल्या बांगलादेशी आणि पाकिस्तानी कुटुंबांत दाटी जास्त आढळते. म्हणूनच १९८० च्या दशकात ब्रॅडफर्डमधल्या मॅनिंगहॅमसारख्या, दक्षिण आशियाई कुटुंबांच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवणाऱ्या असोसिएशन उभ्या राहिल्या.

हॅकनीतली आई

इथे एक अवघड प्रश्न येतो. एखाद्या समाजाने उभ्या केलेल्या संस्थेने आपली घरं आपल्याच माणसांना द्यावीत का?

लंडनच्या हॅकनी भागात सनातनी ज्यू समाजाची अगुदास इस्रायल नावाची हाउसिंग असोसिएशन आहे. तिची तिथली ४७० घरं प्रत्यक्षात त्याच समाजातल्या गरजूंना दिली जात. एका एकट्या आईला चार लहान मुलं होती, त्यातल्या दोघांना ऑटिझम होता. कौन्सिलच्या यादीत तिची गरज सर्वांत वरच्या गटातली. संस्थेची मोठी घरं रिकामी होत होती, पण ती त्या समाजाची नसल्यामुळे तिचा विचार झाला नाही. ती कोर्टात गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला. त्या समाजाची कुटुंबं मोठी, गरिबी जास्त, खाजगी घरं भाड्याने घेताना त्यांना भेदभाव सोसावा लागतो, आणि संस्थेची घरं हॅकनीतल्या अशा घरांच्या केवळ एक टक्का आहेत, हे कोर्टाने लक्षात घेतलं.

आडनाव ऐकून मुंबईत ज्यांना फ्लॅट नाकारला गेला आहे, त्यांना हा निकाल लगेच पटेल. मलाही पटतो. पण ती आई माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. समाजाची घरं समाजासाठी, हे एक वेळ मान्य करू. पण मग समाजाच्या आत तरी सर्वांत गरजू कोण हे मोजायला नको का? त्या संस्थेलाही आपल्या समाजाच्या आत गरज बघूनच घरं द्यावी लागतात. आपल्याकडे 'समाजासाठी' म्हणून उभी राहिलेली खोली बहुतेक वेळा समाजातल्या ओळखीच्या माणसासाठी होऊन बसते.

किल्ली दिल्यानंतर

घर दिलं म्हणजे काम संपलं, असंही नाही. नव्या भाडेकरूला बहुधा पहिलं वर्ष परीक्षेचं असतं. ते नीट गेलं की करार पक्का होतो. पण परीक्षा घरमालकाचीही असते. रॉचडेल शहरात अशाच एका असोसिएशनच्या फ्लॅटमध्ये डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचं एक मूल भिंतींवरच्या बुरशीमुळे दगावलं. वडिलांनी वारंवार तक्रारी केल्या होत्या. त्या मुलाच्या नावाने 'अवाबचा कायदा' झाला. ऑक्टोबर २०२५ पासून गंभीर ओल आणि बुरशीची तक्रार आली की दहा कामकाजी दिवसांत तपासणी, आणि जीवघेणा धोका असेल तर चोवीस तासांत दुरुस्ती, असं बंधन आलं.

आपल्या दहा खोल्या

आपल्याकडे म्हाडाची सोडत निघते ती विक्रीच्या घरांची, आणि तिथे पात्र ठरल्यावर नशीब बघायचं. गरजूला भाड्याने घर देण्याचं काम आपल्या शहरांत थोडंफार होतं ते ट्रस्ट, जमात, जुन्या चाळी यांच्याकडून. तिथे दहा खोल्या असतील, फार तर वीस. एवढ्या थोड्या खोल्यांना इंग्लंडसारखी यंत्रणा नको. एक कागद पुरेल.

तो मी बहिणीबरोबर बसून लिहिला. अर्जाची पोच द्यावी, तारखेसह. गरज कशी मोजणार ते आधीच लिहून ऑफिसच्या बोर्डावर लावावं. कमावता माणूस नाही, माणसं किती, खोली केवढी, आजारपण, भाडं उत्पन्नाच्या किती पट. अर्ज कुणाचा हे कळू न देता, नुसत्या नंबरावर गुण द्यावेत. ट्रस्टीचा नातेवाईक अर्जदार असेल तर त्या ट्रस्टीने त्या बैठकीत बसू नये. नकार द्यायचा तर कारण लिहून द्यावं, आणि तक्रार ऐकायला बाहेरचा एखादा जाणता माणूस असावा. खोली दिल्यावर वर्षातून एकदा जाऊन छत गळतंय का ते बघावं.

कागद घेऊन मी त्या ट्रस्टच्या ऑफिसात गेले. सेक्रेटरीसाहेबांनी चहा पाजला, कागद दोनदा वाचला. म्हणाले, "टीचर, हे सगळं बरोबर आहे. पण यादी लावली की लोक भांडायला येतील." मी म्हटलं, "आत्ता येत नाहीत, कारण कशावरून भांडायचं तेच त्यांना माहीत नाही." ते हसले आणि कागद टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवला.

जानेवारीत त्यांचा फोन आला. बोर्ड अजून लागला नव्हता, पण रजिस्टर सुरू झालं होतं. मी त्या मुलीच्या आईला घेऊन गेले. नवा अर्ज दिला, पोच घेतली. शिक्क्याखाली तारीख होती आणि आकडा होता, ४. बाहेर आल्यावर तिने ती पोच घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि मला विचारलं, "टीचर, माझ्या आधीचे तिघं कोण आहेत? त्यांना माझ्यापेक्षा जास्त गरज आहे ना?"