उन्हाळ्यात नळ कोणाच्या घरी आटतो?

उन्हाळ्याच्या दीर्घ सुट्टीत मुलांचे वाचनकौशल्य आहे तेथेच थांबते, मागे सरते, की घरच्या परिस्थितीनुसार निरनिराळ्या वाटांनी जाते, हा प्रश्न अमेरिकेतील शिक्षणसंशोधक विसाव्या शतकाच्या आरंभापासून तपासत आले आहेत. तेथील शाळांना साधारणतः अडीच महिन्यांची सुट्टी असते आणि त्या काळात शिकलेले विसरले जाण्याला ‘समर स्लाइड’, म्हणजे ‘उन्हाळी घसरण’, हे नाव रूढ झाले आहे. हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ३९ अभ्यासांचा आढावा घेतला आणि त्यांपैकी १३ अभ्यासांतील आकडेवारी एकत्र करून, म्हणजे ‘अधिविश्लेषण’ या पद्धतीने, असा निष्कर्ष काढला की सुट्टीनंतर मुलांचे गुण सरासरीने सुमारे एका शालेय महिन्याइतके मागे पडतात. गणितातील घसरण सर्व आर्थिक थरांत दिसली. वाचनात मात्र मध्यमवर्गीय मुले किंचित पुढे सरकली आणि गरीब घरांतील मुले मागे पडली.

या तफावतीचे सर्वांत गाजलेले स्पष्टीकरण बाल्टिमोर शहरातून आले. कार्ल अलेक्झांडर, डोरिस एन्टविसल आणि लिंडा ओल्सन या समाजशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये पहिलीत दाखल झालेल्या मुलांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला, आणि वर्षातून दोनदा, शाळा सुरू होताना व संपताना, चाचण्या घेतल्या गेल्यामुळे शाळेतील महिन्यांची प्रगती सुट्टीतील प्रगतीपासून वेगळी काढता आली. शाळा चालू असताना गरीब व सुस्थित मुले जवळजवळ सारख्याच गतीने शिकत होती, तर अंतर वाढत होते ते सुट्टीत. या निष्कर्षासाठी त्यांनी नळाची उपमा वापरली : शाळा हा सर्वांसाठी सोडलेला नळ आहे, उन्हाळ्यात तो बंद होतो, आणि ज्या घरात पुस्तके, ग्रंथालयाच्या फेऱ्या व वाचणारी मोठी माणसे असतात त्या घरात दुसरा नळ चालूच राहतो.

या चित्राला पुढे आव्हानही मिळाले. पॉल फॉन हिप्पेल यांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की १९८०च्या दशकातील चाचण्यांची मोजपट्टी सदोष होती, नव्या पद्धतीच्या चाचण्या लावल्या की उन्हाळ्यात अंतर वाढल्याचे चित्र बरेच धूसर होते, आणि मुलांमधील अंतराचा मोठा भाग शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच तयार झालेला असतो. त्यामुळे ‘सुट्टीत इतके महिने वाया जातात’ अशा ठाम आकड्यांवर विसंबणे योग्य नाही. परंतु घसरणीच्या मापाबद्दल मतभेद असले, तरी सुट्टीतील वाचन का उपयोगी पडते याचे उत्तर त्या मापावर अवलंबून नाही. ते वाचन घडते कसे यात आहे.

डेव्हिड शेअर या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सविस्तर मांडलेल्या ‘स्वयंशिक्षणा’च्या सिद्धान्तानुसार, मूल अनोळखी शब्द अक्षर लावून वाचते तेव्हा त्या शब्दाचा उच्चार आणि त्याचे लेखी रूप यांची गाठ स्मृतीत पडते, आणि अशा काही मोजक्या भेटींनंतर तोच शब्द अक्षरे न जुळवता एका नजरेत ओळखू येतो. हिब्रू वाचणाऱ्या दुसरीच्या मुलांना त्यांनी छोट्या गोष्टींत पेरलेले बनावट शब्द वाचायला दिले, तेव्हा तीन दिवसांनंतरही मुलांना त्या शब्दांचे नेमके लेखन ओळखता आले, जरी ते कोणी शिकवले नव्हते. ओघवते वाचन म्हणजे अशा हजारो लहान ओळखींची साठवण होय, आणि ती वाचल्याखेरीज वाढत नाही.

देवनागरी वाचणाऱ्या मुलांना हा सराव अधिक काळ लागतो, असे मानण्यास आधार आहे. इंग्रजी शिकणाऱ्या मुलासमोर सव्वीस अक्षरे असतात. मराठी मुलाला मात्र प्रत्येक व्यंजनाची काना, मात्रा, वेलांटी, उकार यांनी बदलणारी रूपे आणि त्यांवर जोडाक्षरे, रफार यांची भर सांभाळावी लागते. सोनाली नाग यांनी कन्नड या अशाच घडणीच्या लिपीवर केलेल्या अभ्यासात ही अक्षरे आत्मसात होण्याची क्रिया पहिली-दुसरीत न संपता चौथीपर्यंत लांबत असल्याचे आढळले. ‘दृष्टी’ किंवा ‘आश्चर्य’ असे शब्द अडखळत वाचणाऱ्या तिसरीतील मुलाला सुट्टीतील दीड महिना अक्षरांपासून दूर ठेवणे, म्हणजे अर्धवट बसलेली घडी उलगडू देणे होय.

मग प्रोत्साहन द्यायचे कसे? रिचर्ड ॲलिंग्टन आणि अ‍ॅन मॅकगिल-फ्रँझन यांनी फ्लोरिडातील गरीब वस्त्यांतील प्राथमिक शाळांतल्या मुलांना सलग तीन उन्हाळे दरवर्षी १२ पुस्तके कायमची दिली आणि त्यांची निवड मुलांवरच सोपवली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या मुलांचे वाचनाचे गुण पुस्तके न मिळालेल्या मुलांपेक्षा सरस ठरले. हा फरक मोठा नव्हता, पण सर्वांत गरीब मुलांत तो अधिक ठळक होता. याउलट जेम्स किम आणि थॉमस व्हाइट यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तिसरी ते पाचवीच्या मुलांना नुसती पुस्तके दिल्याने विशेष फरक पडला नाही. शिक्षकांनी सुट्टीपूर्वी समजून वाचण्याच्या युक्त्या शिकवल्या आणि मुलांनी घरातील कोणाला तरी उतारा मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा तो पडला. दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले तर तीन गोष्टी हाती येतात : पुस्तक हाताशी हवे, ते मुलाच्या आवडीचे व आवाक्यातले हवे, आणि ऐकणारे कोणी तरी हवे. ऐकणाऱ्याला स्वतः वाचता येणे आवश्यक नाही, त्यामुळे आजीही हे काम उत्तम करू शकते. आणि एकच गोष्ट चारदा वाचणारे मूल वेळ वाया घालवत नसून शेअर यांनी वर्णिलेल्या त्या भेटीच वाढवत असते.

यांतील पहिली अट, पुस्तक हाताशी असण्याची, मराठी घरांत पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे, कारण बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे अंक आणि प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरील गोष्टी विनामूल्य उपलब्ध आहेत. तरीही छापील पुस्तकांचा सर्वांत जवळचा साठा शाळेच्या कपाटातच असतो, आणि वार्षिक परीक्षेच्या सुमारास पुस्तके जमा करून त्या कपाटाला कुलूप लावण्याची रीत अनेक शाळांत आहे. काही पुस्तके फाटतील, काही हरवतील. परंतु एप्रिलअखेर प्रत्येक मुलाला त्याने निवडलेली चार पुस्तके घरी नेऊ दिली, तर ज्या घरात दुसरा नळ नाही तेथे निदान एक भरलेला हंडा तरी पोहोचेल.