मागील पानावरून पुढे चालू!

सोमवारची सकाळ. दात घासता घासता मोबाइल हातात घेतला आणि स्क्रीनवर लाल आकडा... ३८ कामं ओव्हरड्यू! म्हणजे दिवस सुरू व्हायच्या आधीच आपण नापास! तुमच्याही फोनमध्ये एखादं प्लॅनिंग अ‍ॅप असेल, तर या लाल आकड्याशी तुमची ओळख असणारच. मग आपण काय करतो? सगळी कामं एकदम सिलेक्ट करतो, आजच्या तारखेवर ढकलतो आणि निवांत होतो. आकडा गायब. कामं तिथेच!

मीही हेच करायचे. फ्रीलान्सर असल्यामुळे डेडलाइन, अडकलेली पेमेंट्स, लाइट बिल, सगळं एकाच अ‍ॅपमध्ये. त्यात ‘बुलेट जर्नल’चं तयार टेम्प्लेट, रंगीत लेबलं, पाणी पिण्याचा ट्रॅकर. एकदम कूल! याच यादीत दिवाळीपासून एक ओळ होती : ‘आईचे डोळे – अपॉइंटमेंट’. अ‍ॅप ती रोज इमानदारीने पुढच्या दिवसावर न्यायचं. मी ती रोज बघायचे. म्हणजे खरं तर बघायचेच नाही.

एप्रिलमध्ये साताऱ्याला घरी गेले. स्वयंपाकघरात नेहमीचं कालनिर्णय. सहज मागची पानं उलटली. जानेवारीत दुधाच्या खाड्यांशेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘डोळे’. फेब्रुवारीत पुन्हा ‘डोळे’. मार्चमध्ये पुन्हा. दर महिन्याला आईने ते नव्याने लिहिलं होतं. आणि दर पानावर अक्षर थोडं मोठं होत गेलं होतं.

‘‘अगं, तू कामात असतेस, म्हणून बोलले नाही,’’ आई म्हणाली.

तिला पुण्याला आणलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन नीट झालं, आता ती चष्मा लावून अख्खा पेपर वाचते. मी मात्र अ‍ॅप उघडून विचार करत बसले, की नेमकं चुकलं कुठे?

ठिपका, गोल आणि रेघ

बुलेट जर्नलचा मूळ फंडा अगदी साधा आहे. न्यूयॉर्कचा रायडर कॅरल हा डिजिटल प्रॉडक्ट डिझायनर. लहानपणीच त्याला लक्ष एकाग्र न होण्याच्या त्रासाचं निदान झालं होतं. स्वतःसाठी शोधलेली ही पद्धत त्याने २०१३मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. २०१८मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. काम असेल तर ठिपका, कार्यक्रम असेल तर गोल, नुसती नोंद असेल तर रेघ. काम झालं की ठिपक्यावर फुली. महिना संपला की उरलेलं प्रत्येक काम तपासायचं. करण्यासारखं असेल तरच नव्या पानावर पुन्हा लिहायचं, नाहीतर सरळ काट मारायची.

गंमत बघा, दिवसभर स्क्रीनवर काम करणाऱ्या माणसाने निवडली ती वही! कारण पुन्हा लिहायचा कंटाळा हाच या पद्धतीचा प्राण आहे. हात दुखला की डोकं विचारतं, ‘हे खरंच करायचंय का?’ अ‍ॅप नेमका तोच कंटाळा वाचवतं... आणि तो प्रश्नही!

आपल्याकडे हे नवं थोडंच आहे? पेशव्यांच्या कारभाराच्या रोजकीर्दी आजही पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत. रोजचा व्यवहार रोजकीर्दीत, मग विषयवार खतावणीत. आणि पान संपलं की ‘मागील पानावरून पुढे’ म्हणत बाकी स्वतःच्या हाताने उतरवायची. १९७३पासून कालनिर्णय भिंतीवर लावणाऱ्या आयांनीही तेच केलं, फक्त त्याला टेम्प्लेट म्हटलं नाही.

मग अ‍ॅप डिलीट करायचं का?

मुळीच नाही! बसमध्ये उभं राहून वही कोण उघडणार? रिमाइंडर आणि शोधायची सोय वहीत मिळत नाही. फक्त अ‍ॅपला थोडा कंटाळा शिकवायचा :

* कामं आपोआप पुढे ढकलणारं सेटिंग असेल, तर बंद करा. मायक्रोसॉफ्ट टू डूमधली ‘माय डे’ यादी रोज कोरी होते. अशी कोरी यादी हवी.
* रविवारी दहा मिनिटं द्या. उरलेलं प्रत्येक काम पुन्हा टाइप करा. कॉपी-पेस्ट नाही!
* तिसऱ्यांदा टाइप करायची वेळ आली, तर तीनच पर्याय : आत्ता करा, दुसऱ्याला सांगा किंवा काट मारा.
* काम कृतीच्या भाषेत लिहा. ‘आईचे डोळे’ नको, ‘दुपारी चारला क्लिनिकला फोन’ हवं.
* ज्या कामात दुसरं माणूस वाट बघतंय, त्यापुढे त्याचं नाव लिहा. रंगीत लेबलापेक्षा हे जास्त टोचतं.

माझी यादी पहिल्याच रविवारी ३८वरून ११वर आली. बाकीची कामं मला कधी करायचीच नव्हती!

जूनमध्ये पुन्हा साताऱ्याला गेले. कालनिर्णयच्या मागच्या पानावर ‘डोळे’वर ठसठशीत फुली होती. नव्या पानावर बारीक, सुबक अक्षरात नवं काम : ‘गुडघे’.

ते मी अ‍ॅपमध्ये टाकलंच नाही. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.