‘आमच्या घरात कसा होईल टीबी?’

नागपूरच्या प्रतापनगरात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता चीड येते. परवा औषधाच्या दुकानात माझ्यापुढे एक काकू खोकल्याची तिसरी बाटली घेत होत्या. दोन महिन्यांपासून ‘धुळीचा खोकला’. संध्याकाळी अंग कोमट लागतं, ब्लाऊज सैल झालेत, हेही त्यांनीच सांगितलं. थुंकी तपासून घ्या म्हटलं, तर चेहरा उतरला. ‘अहो, आम्ही काय तसल्या वस्तीत राहतो का?’

काकू, क्षयाचे जंतू श्वासातून जातात. बंद खोलीत कुणी खोकलं की ते तासन्‌तास हवेत तरंगतात, मग ती खोली झोपडीतली असो की एसी ऑफिसातली. दाटीवाटी आणि कुपोषण यांमुळे गरिबाला धोका जास्त, हे खरंच आहे. पण मधुमेहानेही तो दोन-तीन पट वाढतो, आणि आपल्या गल्लीत मधुमेह किती घरांत आहे ते मोजून बघा.

या समजुतीची किंमत काय, ते 2019–21 च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात दिसतं. लक्षणं असलेल्यांपैकी 64 टक्के लोक उपचारासाठी कुठेच गेले नव्हते, आणि त्यांतल्या बहुतेकांनी कारण सांगितलं ते लक्षणांकडे दुर्लक्ष केल्याचं. बरं, दवाखान्यात गेलं की सुटलो असंही नाही. भारतातल्या अभ्यासांचा 2014 चा आढावा सांगतो की लक्षणं सुरू झाल्यापासून उपचारापर्यंत साधारण 55 दिवस जातात, आणि त्यांतले महिनाभर तर पहिल्या डॉक्टरकडे गेल्यानंतरचे! सिरप, अँटिबायोटिक, मग दुसरा डॉक्टर. लेव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळीने जंतू थोडे दबतात, ताप उतरतो, घरचे निर्धास्त होतात आणि निदान आणखी लांबतं.

थुंकीतून रक्त पडलं तरच टीबी? नाही, अनेकांना ते कधीच पडत नाही. रक्ताच्या अँटिबॉडी चाचणीवर तर 2012 पासून बंदी आहे, कुणी सुचवली तर सरळ नाही म्हणा. सरकारी गोळ्या हलक्या नसतात. औषधं तीच असतात, तीही फुकट, वर आहारासाठी नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 1000 रुपये. लघवी केशरी झाली म्हणून घाबरून गोळ्या सोडू नका, तो रिफाम्पिसिनचा रंग आहे. दोन महिन्यांत बरं वाटलं तरी साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. आणि ताट-वाटी वेगळी काढून माणसाला दुखवू नका, टीबी भांड्यांतून पसरत नाही.

खोकला दोन आठवड्यांवर गेला की मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा महापालिकेच्या दवाखान्यात थुंकीची तपासणी मागा. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्र एक-दोन तासांत निकाल देतं, रिफाम्पिसिन लागू पडेल का तेही सांगतं. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, उघड्यावर उभं राहून खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून काढा. डबीत लाळ नको, बेडका हवा.