नदी, धानाची बांधी आणि तलाव : धानपट्ट्यातील पक्षिनिरीक्षणाचा एक मार्ग

भंडारा जिल्ह्याची ‘तलावांचा जिल्हा’ म्हणून जुनी ख्याती आहे. १९९९ साली त्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा याच वारशाचा वाटेकरी होय. कोहळी समाजातील जाणत्या पूर्वजांनी बांधलेले तलाव, त्यांखालील धानाची शेती आणि वैनगंगेच्या खोऱ्यातील नद्या ही तिन्ही मिळून पाण्याची एकच व्यवस्था आहे. सिंचनाच्या दृष्टीने ही गोष्ट शेतकऱ्यास ठाऊक असतेच. पक्ष्यांच्या दृष्टीनेही ती तितकीच खरी आहे. ते प्रत्यक्ष पाहता यावे म्हणून गोंदिया तालुक्यातील एका दिवसाचा मार्ग येथे सुचविला आहे.

केव्हा व कसे निघावे

रोवणी आटोपल्यानंतरचे श्रावण-भाद्रपद आणि थंडीतील पौष-माघ असे दोन काळ सोयीचे आहेत. पहाटे बाघ नदीच्या काठी पोहोचावे, दिवस बांध्यांच्या धुऱ्यांवरून हिंडण्यात घालवावा आणि सायंकाळी परसवाडा किंवा झिलमिली येथील तलाव गाठावा. लांबचे अंतर सायकलीने कापावे. मातकट रंगाचे कपडे, वही, पेन्सिल आणि मिळाल्यास दुर्बीण एवढे साहित्य पुरे.

नदीकाठ

पात्राच्या कडेला शेपटी हलवीत फिरणारा धोबी आणि पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवीत सूर मारणारा कवड्या खंड्या येथे सहज ओळखता येतात. नदी सुरय हा पक्षी उन्हाळ्यात उघड्या वाळूतच अंडी घालतो. म्हणून वाळू उपसताना व गाड्या नेताना अशी जागा टाळावी. बांध्या कोरड्या पडल्या आणि तलाव आटू लागले की सारसांनाही नदीच्या पाण्याचा आधार वाटतो.

धानाची बांधी

हा मार्गाचा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. बैलांच्या मागोमाग चालणारा गायबगळा नाकतोडे टिपतो. कोतवाल उंच काठीवर बसून उडते किडे पकडतो. याच कारणाने शेतात पक्षिथांबे उभारण्याची शिफारस केली जाते. चोचीत फट असलेला मुग्धबलाक करकोचा पाण्यातील गोगलगायी खातो. मुनिया व पोपट दाणे खातात हे खरे. परंतु म्हणून सर्वच पक्ष्यांना शत्रू मानणे हिताचे नाही.

याच बांधीत सारस घरटे करतो. उंची सुमारे सहा फूट, अंग राखाडी, डोके व मानेचा वरचा भाग लाल, आणि जोडीने दिलेली दूरवर ऐकू जाणारी साद, ही त्याची ओळख. जगातील उडणाऱ्या पक्ष्यांत हा सर्वांत उंच आहे. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात व तुरळक प्रमाणात भंडारा आणि चंद्रपूर जिल्ह्यांत उरला आहे. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. तथापि घरटे न्यायालयाच्या आवारात नसते, ते शेतकऱ्याच्या बांधीत असते.

घरट्यासाठी सारस धानाची रोपे व गवत उपटून ढीग रचतो, त्यामुळे नुकसान होते हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्याचा हिशेब करून पाहावा. दोन मीटर रुंदीच्या घरट्याखाली सुमारे तीन चौरस मीटर जागा जाते. भोवतालची तुडवणूक धरून ती दसपट मानली तरी तीस चौरस मीटर होते. एकरात सुमारे ४०४७ चौरस मीटर असतात. म्हणजे हानी एकरी एक टक्क्याहूनही कमी भरते.

बांधीत घरटे आढळल्यास

१. घरट्याजवळ वारंवार जाऊ नये. जोडी उठली की अंडी कावळ्यांच्या दृष्टीस पडतात.

२. अंडी हलवू नयेत. सारसास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

३. बांधीचे पाणी एकाएकी सोडू नये वा वाढवू नये. सभोवारचे पाणी हेच कुत्र्या-कोल्ह्यांपासूनचे कुंपण होय.

४. घरट्याच्या आसपास कीटकनाशक फवारू नये. विष लावलेले दाणे शेतात कोठेही उघड्यावर टाकू नयेत.

५. वनविभागास त्वरित कळवावे.

अंडी बहुधा दोन असतात व नर-मादी ती आळीपाळीने उबवितात. सुमारे एक महिन्याने पिले बाहेर पडतात आणि थोड्याच अवधीत आईबापांमागे चालू लागतात. परंतु त्यांना उडता येण्यास आणखी जवळजवळ तीन महिने लागतात. यास्तव कापणीपूर्वी, विशेषतः यंत्राने कापणी करावयाची असल्यास, उभ्या धानात पिले दडलेली नाहीत याची खात्री करून घ्यावी.

तलाव

सायंकाळी तलावाच्या काठी शांत बसावे. कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, बुडी मारणारी टिबुकली आणि शीळ घालीत उडणारी अडई बदके दिसतील. हिवाळ्यात त्यांत तलवार बदकांसारखे उत्तरेकडील पाहुणे मिसळतात. अंधार पडताना सारस उथळ पाण्यात रात्र काढण्यास येतात. तलावाचा हा उथळ काठच त्यांना हवा असतो. तो बेशरमीने भरला, किंवा अतिक्रमणाने अथवा सरसकट खोदाईने नाहीसा झाला, तर भरलेल्या तलावातही सारसास थारा राहत नाही. गाळ काढण्याचे काम योजताना ग्रामपंचायतीने काठाचा काही भाग उथळ राखावा.

नोंद

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी तारीख, ठिकाण, पक्ष्यांची संख्या, घरटे व पिले यांची नोंद दरवर्षी ठेवावी. सारसांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर विजेच्या तारा असल्यास त्याही नोंदवाव्यात, कारण त्यांवर आदळून हे पक्षी मरतात. ज्या शेतकऱ्याच्या बांधीतून पिले सुखरूप उडाली, त्याचे नाव ग्रामसभेत सन्मानाने वाचून दाखवावे. सारसांची जी थोडी संख्या शिल्लक आहे, ती अशाच बांध्यांतून वाढणार आहे.