अर्धायुष्याचं अंतर

मराठवाड्यातल्या घाटनांदूरहून मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास. किरणोत्सारी फ्लोरिन-१८ला एवढी उसंत नसते. ११० मिनिटांत ते निम्मं होतं; हेच त्याचं अर्धायुष्य. दहा तासांनी चाळिसावा हिस्साही उरत नाही. रोग हुडकणारे रेणू रचणाऱ्यांची खरी झुंज अशी घड्याळाशी असते.

१९६३मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं. ते चालवणाऱ्या तुर्भ्याच्या अणुऊर्जा आस्थापनेला 'भाभा' हे नाव अजून मिळायचं होतं. त्या काळचा भरवशाचा गडी आयोडीन-१३१. थायरॉइड ग्रंथी आयोडीन आपणहून ओढून घेते, त्यामुळे वेगळा रेणू रचायची गरजच नव्हती. अर्धायुष्यही आठ दिवसांचं.

कस लागला तो टेक्नेशियम-९९एम आल्यावर. त्याचं अर्धायुष्य सहाच तास. पण त्याला जन्म देणारं मॉलिब्डेनम ६६ तासांचं. मग मॉलिब्डेनम पाठवायचं आणि दुभत्या गाईची धार काढावी तसं रोज ताजं टेक्नेशियम काढायचं. आपल्या अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्याने बनणारं मॉलिब्डेनम मात्र विरळ. अशी धार काढणाऱ्या परदेशी जनित्रातल्या चिमुकल्या स्तंभात ते मावेना. तुर्भ्याच्या रसायनज्ञांनी मिथिल इथिल कीटोन या द्रावकात टेक्नेशियम ओढून घेण्याची रीत वापरली. किचकट खरी, पण स्वतःची.

जोडीला आलं किट. कुपीत गोठवून सुकवलेली पूड: एमडीपी असेल तर हाडांकडे जाणारी, डीटीपीए असेल तर मूत्रपिंडाकडे. सोबत कथिलाचा क्षार. रुग्णालयात टेक्नेशियम घातलं, हलवलं, थोडं थांबलं की शोधक तयार. पुडीत किरणोत्सार नसल्याने तिला घाई नाही. माझ्या मते या साऱ्या प्रवासातली सर्वांत शहाणी रचना हीच. तिचं कौतुक मात्र कमीच झालं.

२००२मध्ये देशातलं पहिलं पेट स्कॅन यंत्र परळलाच आलं, फ्लोरिन-१८ बनवणाऱ्या सायक्लोट्रॉनसह. एफडीजी हा रेणू देखणा: ग्लुकोजच्या एका हायड्रॉक्सिलच्या जागी हेच फ्लोरिन. भुकेली कर्कपेशी तो गिळते, फॉस्फेट जोडते आणि पुढे पचवता न आल्याने तो तिथेच अडकतो. पण हा शहरी रेणू, सायक्लोट्रॉनच्या आसपासच वावरणारा.

गॅलियम-६८ने जुनी युक्ती परत आणली. स्वतः ६८ मिनिटांचं, पण जनक जर्मेनियम २७१ दिवसांचं. डोटासारख्या रासायनिक पकडीत ते धरायचं आणि पकडीला ट्यूमर ओळखणारं पेप्टाइड जोडायचं. त्याच पकडीत तुर्भ्याच्या ध्रुव भट्टीतलं ल्युटेशियम-१७७ बसवलं की शोधकाचं औषध होतं. त्याचं अर्धायुष्य साडेसहा दिवसांहून थोडं जास्त; रात्रभराचा प्रवास त्याला सहज झेपतो.