बांधून न ठेवता माणूस टिकवायचा

न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावर मासळीवर प्रक्रिया करणारा एक कारखाना आहे आणि तिथे दोन परदेशी कामगार शेजारी शेजारी काम करताहेत, असं समजा. एकाच्या हातात सुरी. तो मासे साफ करून कापतो. दुसरा पेट्या उचलून शीतगृहात ठेवतो. दोघांच्याही अंगाला सारखाच वास, दोघांचीही बोटं सारखीच गारठलेली. पण कॅनडा सरकारने सगळ्या व्यवसायांना ० ते ५ असे स्तर दिले आहेत. त्यात सुरीवाल्याचं काम ४ मध्ये बसतं, पेटीवाल्याचं ५ मध्ये. अटलांटिक इमिग्रेशन प्रोग्राम ४ पर्यंतच्या कामांनाच लागू आहे. म्हणजे या योजनेतून कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो तो फक्त सुरीवाल्याला.

ही रेघ मला जाचते. तरीही या योजनेचं नवल वाटतं, कारण जगात बहुतेक ठिकाणी मासे कापणाऱ्या परदेशी माणसाला राबवून घेतात आणि परत पाठवतात. इथे त्याला कायमचं राहा म्हणतात.

त्यामागे या किनाऱ्याची जुनी जखम आहे. १९९२ मध्ये न्यूफाउंडलंडजवळची कॉड मासेमारी सरकारने बंद केली आणि सुमारे ३० हजार माणसं एका फटक्यात बेकार झाली. तरुण कामासाठी पश्चिमेकडे गेले, गावं म्हातारी झाली. २०१७ मध्ये अटलांटिक किनाऱ्यावरच्या चार प्रांतांसाठी ही योजना प्रायोगिक म्हणून आली आणि जानेवारी २०२२ पासून कायम झाली.

सुरुवात होते मालकापासून. आधी प्रांत त्याला मान्यता देतो. मग तो नोकरी देऊ करतो, आणि त्या नोकरीवर प्रांताची शिफारस लागते. कामगाराकडे गेल्या पाच वर्षांतला किमान १,५६० तासांचा पगारी अनुभव हवा, म्हणजे आठवड्याला ३० तास धरले तर वर्षभराचा. शाळा पूर्ण झालेली हवी, आणि स्तर ४ च्या कामासाठी इंग्रजी किंवा फ्रेंच रोजच्या व्यवहारापुरती यावी लागते.

खरी गंमत पुढे आहे. शिफारस मिळण्याआधी कामगाराचा आणि सोबत येणाऱ्या कुटुंबाचा एक ‘सेटलमेंट प्लॅन’ तयार करावा लागतो. एखादी स्थानिक संस्था त्यांच्याशी बोलून तो मोफत करून देते: मुलांची शाळा कुठली, भाषेचे वर्ग कुठे, डॉक्टर कसा गाठायचा. मालकालाही वेगळ्या संस्कृतीतून आलेल्या माणसांसोबत कसं वागावं याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. मासळीच्या कारखानदाराला पाहुणचार शिकायला लावणारं सरकार!

असं करण्यावाचून गत्यंतरच नाही. कॅनडाच्या राज्यघटनेतल्या हक्कांच्या सनदेचं सहावं कलम कायम रहिवाशालाही देशात कुठेही राहून पोट भरण्याचा हक्क देतं. तात्पुरत्या परवान्यावरच्या कामगाराला एकाच मालकाशी जखडता येतं, पण कायमचा कागद हातात आला की तो खुशाल टोरांटोची गाडी पकडू शकतो. कागदाने अडवता येत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी, शाळेने आणि बऱ्या पगाराने त्याला धरून ठेवायचं. इमिग्रेशनच्या नियमांत इतका शहाणपणा मी क्वचितच पाहिला आहे.

ही वाट मालकाने देऊ केलेल्या नोकरीपासून सुरू होते, आणि आपल्याकडे ‘कॅनडाची नोकरी’ लाखांत विकणारे एजंट आहेत. अशा नोकरीसाठी कुणी पैसे मागितले तर तिथेच थांबावं. या चार प्रांतांपैकी नोव्हा स्कोशियात तर भरतीची फी कामगाराकडून वसूल करणं कायद्यानेच मना आहे.

या योजनेत एक गाठ मात्र अजून सुटलेली नाही. स्तर ४ ची नोकरी कायमस्वरूपी, पूर्णवेळ आणि वर्षभराची असावी लागते. समुद्राला ही अट माहीत नाही. लॉब्स्टर हंगामातच पकडायची परवानगी असते. जो कारखाना बाराही महिने काम पुरवू शकतो, तोच माणसाला बोलावू शकतो. हंगाम संपला की टाळं लावणाऱ्या छोट्या कारखान्याला, आणि त्याच्यावर जगणाऱ्या गावाला, तात्पुरत्या परवान्यांवरच भागवावं लागतं.