चाकांवरचें बिऱ्हाड



विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याचें कोठेंच बस्तान बसलेलें नाहीं, अशा माणसाविषयीं ती थोड्या कींवेनें वापरली जाते. परंतु मे महिन्याची सुटी लागली, कीं आमच्या सावेडीसारख्या उपनगरांतील पुष्कळ गृहस्थांना विंचवाचा हेवा वाटूं लागतो. कोल्हार, संगमनेर, अकोलें असें करीत भंडारदऱ्यास जावें, जलाशयाकांठीं दोन रात्री काढाव्या, आणि खोलीसाठीं कोणाचें आर्जव करावें लागूं नये, असें कोणास वाटणार नाहीं? मग कोणी तरी सुचवितो कीं, एक जुनी मोठी गाडी घ्यावी, सुतार बोलावून तींत फळ्या ठोकून घ्याव्या, म्हणजे झालें! ही सूचना वाईट नाहीं. मात्र तींतील सुतार फार लौकर आला. तो कां, हें सांगण्यासाठींच आजचें हें भाषण आहे.

मोटारीचें शास्त्र आमच्या नगरास परकें नाहीं. २०२४ सालीं जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें, तरी बोलतांना जिभेवर जुनेंच नांव येतें, त्याबद्दल क्षमा असावी. संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था याच शहरीं आहे. ज्यांनीं १९५८ सालीं बजाज टेंपो हा कारखाना काढला, ते नवलमल फिरोदिया नगरच्याच घराण्यांतील. त्या कारखान्याचें नांव पुढें फोर्स मोटर्स असें झालें. पण त्याची १९८७ सालीं निघालेली टेंपो ट्रॅव्हलर ही गाडी अजून लोक त्याच नांवानें ओळखतात. आंत वांकून कां होईना, पण चालतां येतें, सुटे भाग तालुक्याच्या गांवींही मिळतात, आणि कोणताही मिस्त्री तिला ओळखतो. म्हणून फिरत्या बिऱ्हाडासाठीं जुनी गाडी शोधणाऱ्याची नजर बहुधा हिच्यावरच जाते.

अशा बिऱ्हाडाचें एक जुनें उदाहरण आमच्या शेजारींच घडलें आहे. १९३८ च्या डिसेंबरांत मेहेरबाबा आपल्या शिष्यमंडळीसह नगरजवळच्या मेहेराबादहून एका निळ्या बसमधून हिंदुस्थानच्या प्रवासास निघाले. ती बस मंडळींत ‘ब्लू बस’ या नांवानेंच प्रसिद्ध झाली. पुढें तिचा सांगाडा चाकांपासून वेगळा करून पिंपळगांव माळवीजवळच्या मेहेराझाद येथें ठेवण्यांत आला, आणि १९४९ सालच्या एकांतवासांत बाबांनीं त्याचा खोलीसारखा उपयोग केला. या हकीकतींतून मीं माझ्यापुरता एक व्यावहारिक बोध घेतला आहे. ती बस होती तोंवर बस म्हणून चालली. खोली झाली तेव्हां तिचीं चाकें काढलीं गेलीं. आपला हट्ट असा कीं, एकाच वस्तूनें दिवसां गाडी व्हावें आणि रात्रीं घर व्हावें. हा हट्ट पुरा होऊं शकतो. पण एका अटीवर. घरानें गाडीचे नियम पाळले पाहिजेत. गाडीनें घराचे नव्हेत.

तेव्हां पहिलें काम सुताराचें नव्हे, मिस्त्रीचें. रंग चकचकीत आहे कीं नाहीं हें पाहूं नये. गाडीखालीं शिरून लोखंड कोठें कुजलें आहे, पाटे खचले आहेत काय, ब्रेकच्या नळ्या ओलसर दिसतात काय, हें पाहावें. टायरवरची नक्षी शाबूत असली म्हणजे टायर चांगला, असें समजूं नये. उभें राहून रबर म्हातारें होतें. प्रत्येक टायरच्या कडेवर चार आंकडे ठसवलेले असतात. ते २३१८ असे असतील, तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला आहे. वर्षांतून चार वेळां बाहेर पडणाऱ्या गाडीचे टायर झिजण्यापूर्वींच कडक होऊन तडकतात, आणि तें घाटांत कळतें. छप्पर गळत असेल, तर तें आधीं नीट करून घ्यावें. फळ्या बसविल्यावर गळती सांपडत नाहीं. ती लांकूड कुजल्यावर सांपडते.

दुसरें काम कागदांचें. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यापुढें तपासणी करून व पर्यावरण कर भरून ती पांच पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. जुनी ट्रॅव्हलर बहुधा भाड्याच्या परवान्यावर चाललेली असते. ती आधीं रीतसर खाजगी करून घ्यावी. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणींतील तपशिलाशीं विसंगत ठरेल असा बदल मालकास मनाप्रमाणें करतां येत नाहीं. २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंही हें स्पष्ट केलें. आणि त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक बेकायदा बदलास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही, अशी शिक्षा ठेवली. बांके काढणें, छप्पर उंच करणें, पत्रा कापून खिडकी पाडणें हे त्यांतलेच बदल होत.

म्हणून येथें दोन वाटा फुटतात. पूर्ण कॅरॅव्हान करावयाची असेल, तर मोटार कॅरॅव्हानसाठीं ए. आय. एस. १२४ या नांवाचें स्वतंत्र मानक आहे. तें जाणणाऱ्या मान्यताप्राप्त कारागिराकडे जावें, आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयाची परवानगी काम सुरू करण्यापूर्वीं लेखी घ्यावी. दुसरी वाट साध्या संसाराची. गाडीचें नोंदलेलें रूप तसेंच ठेवावयाचें. बैठका, पट्टे व खिडक्या यांना हात लावावयाचा नाहीं. आणि स्वयंपाकाची पेटी, पाण्याचे डबे, घडीचें मेज, बैठका पाडून त्यांवर टाकावयाच्या हलक्या फळ्या, हें सगळें सुटें ठेवावयाचें. दोघे-तिघे गाडींत निजावे, बाकीच्यांनीं गाडीला लागून उभारलेल्या तंबूंत. पहिल्या वर्षीं तरी ही दुसरीच वाट धरावी, असें माझें मत आहे. सुटें सामान चुकलें तर काढतां येतें. कापलेला पत्रा जोडतां येत नाहीं. वाट कोणतीही धरा, विमा कंपनीस मात्र लेखी कळवा. न कळविलेला बदल अपघातानंतरच आठवतो, आणि तो त्यांना आधीं आठवतो.

तिसरें काम वजनाचें. येथें मी स्वतः ठेचाळलों आहें, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. आमच्या गाडीच्या पाठीमागें मीं १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचीं उत्तम कपाटें करविलीं, आणि पाण्याची टांकीही तेथेंच ठेवली. घरचीं सगळीं खूष झालीं. पण रस्त्यावर गाडी पन्नासाच्या वेगाच्या पुढें गेली, कीं हातांतलें चाक हलकें, पोकळ लागूं लागे. शेवटीं उसाच्या वजनकांट्यावर गाडी नेली. आधीं सगळी गाडी तोलली, मग केवळ पुढचीं चाकें, मग केवळ मागचीं. एकूण वजन मर्यादेच्या आंत होतें; परंतु मागच्या आंसावर मान्य भारापेक्षां ११० किलो अधिक पडत होते.

याचें कारण तराजूच्या दांडीसारखें आहे. दोन आंसांमधील अंतर साडेतीन मीटर धरूं. मागच्या आंसाच्याही एक मीटर मागें १०० किलोचें ओझें ठेवलें, तर मागच्या चाकांवर १०० नव्हे, सुमारें १२९ किलो भार येतो. आणि पुढच्या चाकांवरून सुमारें २९ किलो भार उचलला जातो. गाडी वळविणारीं चाकें पुढचीं, आणि थांबवितांना अधिक काम करणारींही पुढचींच. म्हणजे आम्हीं कपाटें नीटनेटकीं केलीं, आणि सुकाणू व ब्रेक मात्र दुबळे करून ठेवले.

त्यावर उपाय स्वस्त होता. पाण्याचे डबे दोन आंसांच्या मध्यें, तळाशीं आणले. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हें विसरूं नये. आठ फूट लांब व चार फूट रुंद अशी १८ मिलिमीटरची प्लायवुडची एक पाटी सुमारें ३२ किलो भरते, आणि १२ मिलिमीटरची सुमारें २१ किलो. सहा पाट्यांच्या कामांत जाडी कमी केली, तर ६० किलोंहून अधिक वजन वांचतें. तें एका प्रौढ माणसाचें वजन झालें. अर्धीं कपाटें काढून त्यांच्या जागीं कापडी पिशव्या टांगल्या. छपरावर अंथरुणांखेरीज कांहीं ठेवूं नये. वर चढलेलें ओझें वळणावर गाडीला बाहेरच्या अंगास ओढतें. आणि गाडी चालूं असतांना प्रत्येकानें पट्टा लावून बैठकीवरच बसावें. फळीवर निजलेलें मूल जोराचा ब्रेक लागतांच पुढें फेंकलें जातें. तेथें आईचा हात पुरा पडत नाहीं.

वीज हा चौथा विषय. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीवर पंखा लावूं नये. सकाळीं गाडी ढकलावी लागेल. निराळी बॅटरी असावी. शिशाची १२ व्होल्टची १०० अँपिअर-तास बॅटरी सुमारें १,२०० वॉट-तास वीज सांठविते. परंतु ती टिकावयाची तर निम्मीच वापरावी, म्हणजे ६०० उरले. २० वॉटचे दोन पंखे आठ तास चालले, तर ३२० गेले. तीन वॉटचे चार दिवे चार तास लावले, तर ४८. पांच मोबाइलांचे सुमारें ७५. एका रात्रीस एवढें पुष्कळ झालें. ध्यानांत ठेवावयाचें तें हें कीं, घरांत २४० वॉटच्या उपकरणास तारेंतून जेमतेम एक अँपिअर प्रवाह लागतो, तर १२ व्होल्टवर त्यालाच वीस लागतात. घरगुती बारीक तार येथें तापून वितळेल. तांब्याची जाड तार घ्यावी, आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आंतच फ्यूज बसवावा.

आतां सर्वांत महत्त्वाचें. भंडारदऱ्यास एका पावसाळी रात्रीं मुलें थंडीनें कुडकुडत होतीं. माझी आई म्हणाली, “अरे, ती कोळशाची शेगडी आंत घे कीं, घटकाभर ऊब होईल.” मीं नाहीं म्हटलें, तेव्हां तिला राग आला. “आमचा सारा जन्म शेगडीजवळ गेला, आम्हांला काय झालें?” तिचें म्हणणें खोटें नव्हतें. पण तिचें घर कौलारू होतें. त्याला श्वास होता. कौलांच्या फटींतून हवा येई-जाई. पत्र्याच्या बंद गाडीला श्वास नाहीं. कोळसा, गॅस वा पेट्रोल अपुऱ्या हवेंत जळलें, कीं कार्बन मोनॉक्साइड हा वायु निर्माण होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. आपल्या रक्तांतील लाल द्रव्यास प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट जोरानें तो चिकटतो, आणि झोंपलेला माणूस झोंपेंतच जातो. २०२४ च्या डिसेंबरांत केरळांतील वडकर येथें रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्या एका कॅरॅव्हानमध्यें दोन माणसें मृत सांपडलीं. गाडींतील जनरेटरचा हाच वायु आंत पसरला होता, असें तपासांत निष्पन्न झालें. बाहेरून पाहणारास ते दोघे निजलेले आहेत, असेंच वाटलें असेल.

म्हणून आमच्या गाडीचे नियम ठरलेले आहेत. स्वयंपाक बाहेर, ताडपत्रीच्या छपराखालीं. गॅसची टांकी रात्रीं गाडींत नाहीं. तो वायु हवेहून जड असल्यामुळें गळला तर तळाशीं सांचून राहतो. झोंपतांना इंजिन बंद, जनरेटर मुळींच नाहीं. समोरासमोरच्या दोन खिडक्या, जाळी लावून, दोन बोटें उघड्या. आणि निजण्याच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साइड ओळखून वाजणारी घंटा. थंडीवर उपाय म्हणजे पांघरूण, लोंकरीची टोपी आणि कढत पाण्याची रबरी पिशवी. त्या रात्रीं आईनें तीच पिशवी नातवंडांच्या पायांशीं ठेवली. पहांटे तिचा राग गेला होता. पिशवी मात्र तिनें स्वतःकडे ओढून घेतली होती.

शेवटीं एक सूचना. पहिली रात्र भंडारदऱ्यास काढूं नका, स्वतःच्या दारांत काढा. कुलूप कोठें अडतें, रात्रीं बाहेर जावयाचें तर कोणाच्या अंगावर पाय पडतो, कोणती फळी करकरते, हें सगळें एका रात्रींत कळतें, आणि चुकीचें असेल तें सकाळीं काढून टाकतां येतें. मग सुतारास बोलवा. तोंवर त्याला सांगावयाचें काम पूर्वींच्या निम्मेंच उरलें आहे, असें तुम्हांस आढळून येईल.

विंचवाच्या पाठीवर बिऱ्हाड असतें तें त्याला पेलेल एवढेंच असतें. आपणही तेवढें पथ्य पाळलें, तर जुनी गाडी आपणांस पुष्कळ दूर नेईल, आणि सगळ्यांना सुखरूप परत आणील.